पाचव्या खुर्चीतल्या बाई

निवृत्ती ही विश्रांतीसाठी असते, असा एक समज समाजात फार रूढ आहे. हा समज मुख्यतः अजून निवृत्त न झालेल्या लोकांत आढळतो. वस्तुस्थिती अशी, की निवृत्तीच्या दिवशी एका माणसाचं काम संपतं आणि त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाचं काम दुप्पट होतं. एकूण कामाची बेरीज तेवढीच राहते, म्हणून सरकार या प्रकारात लक्ष घालत नाही.

डेल्मर वेसेली नेब्रास्का राज्याच्या वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाला, तेव्हा निरोप समारंभात प्रत्येक वक्त्याने सांगितलं, की आता डेल्मर घरच्यांना वेळ देईल. घरच्यांत एकटी आर्लिस होती. तिने टाळ्या वाजवल्या. (वेळ म्हणजे नेमका किती, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.)

पहिल्याच आठवड्यात डेल्मरने स्वयंपाकघराची तपासणी केली. साखर मोजायचा कप प्रमाणापेक्षा किंचित मोठा निघाला. हा कप आर्लिसच्या आईचा होता, आणि त्याच कपाने मोजलेल्या साखरेचे केक खाऊन डेल्मर स्वतः आडवा वाढला होता. पण कायद्यापुढे सासू आणि पेट्रोलपंप सारखेच. त्याने कपावर लाल चिठ्ठी डकवली. तिच्यावर 'वापरास मनाई' असं छापलेलं होतं. या चिठ्ठ्यांची अख्खी गड्डी त्याने नोकरीची आठवण म्हणून घरी आणली होती, आणि महिनाअखेरीस ती संपली. शेवटची चिठ्ठी भिंतीवरच्या घड्याळाला लागली. तेव्हापासून त्या घरात किती वाजले हे विचारायचीही सोय राहिली नाही.

आर्लिस शांत स्वभावाची बाई. तिने फक्त एका सकाळी त्याच्या कॉफीशेजारी वर्तमानपत्राचं एक पान उलगडून ठेवलं. पोकरच्या फिरत्या स्पर्धांमध्ये पत्ते वाटण्यासाठी माणसं हवीत, अशी त्यात जाहिरात होती. निवृत्तांना प्राधान्य, शिक्षण मोफत, काम अर्धवेळ, प्रवासाची तयारी हवी. (पुढे जे झालं त्यात तिचाही हात होता, हे इथं सांगणं न्यायाचं ठरेल. ती स्वतःही ते नाकारत नाही.)

पत्ते वाटण्यासाठी निवृत्त माणसंच का, असा प्रश्न अज्ञानी लोक विचारतात. तरुण वाटप्यांमध्ये तीन दोष असतात: ते स्वतः खेळतात, ते उशिरा उठतात, आणि त्यांना पगार पुरत नाही. निवृत्त माणसाला पेन्शन असल्यामुळे त्याला कमी पैसे दिले तरी त्याचा अपमान होत नाही. तो पहाटेपासून उठून, बूट घालून, काहीतरी होण्याची वाट पाहत बसलेलाच असतो. आणि 'तुमच्याशिवाय आमचं कसं चाललं असतं' एवढं वाक्य महिन्यातून एकदा कानावर पडलं, की पाठदुखीचा खर्चही तो आपल्या खिशातून करतो. असा कामगारवर्ग जगाच्या इतिहासात पूर्वी फक्त देवळांना आणि चर्चांनाच लाभत असे.

या कामाला बुद्धी फारशी लागत नाही, पण चारित्र्य लागतं. वाटप्याचे हात कायम टेबलाच्या वर, सर्वांना दिसतील असे असावे लागतात. वाटप्याला मत नसतं. एखाद्या खेळाडूने मूर्खपणाने पैशांच्या जागी लावायच्या सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या, तरी वाटप्याच्या भुवईने जागा सोडता कामा नये. जिंकणाऱ्याचं अभिनंदन करायचं नाही, हरणाऱ्याचं सांत्वन करायचं नाही. डाव चालू असताना खेळाशी संबंधित नसलेलं काहीही बोलायचं नाही. थोडक्यात, जी शिस्त माणसाला संसारात जन्मभर जमत नाही, ती इथं दोन आठवड्यांच्या वर्गात शिकवतात.

डेल्मर या वर्गात पहिला आला. त्याने शिस्तीत स्वतःची एक भरही घातली. खात्यात असताना त्याचा एक नियम होता: तराजू तपासताना दुकानदाराच्या तोंडाकडे पाहायचं नाही, कारण तोंडाकडे पाहिलं की काटा हलल्यासारखा वाटतो. हाच नियम त्याने पत्त्यांना लावला. चेहरे बघण्यात वेळ जातो; हात आणि चकत्या तेवढ्या बघाव्यात. त्यामुळे अर्ध्या तासात इतरांपेक्षा दोन-तीन डाव जास्त होतात, हे त्याने सिद्ध करून दाखवलं. स्पर्धेच्या व्यवस्थापकांनी सर्व वाटप्यांसमोर त्याचं कौतुक केलं आणि सांगितलं, की डेल्मरचा आदर्श ठेवा, हा माणूस मान वर करत नाही. नेमेचि येणाऱ्या खेळाडूंना तो त्यांच्या बोटांवरून ओळखू लागला. वाकडं मधलं बोट म्हणजे ओमाहाचा निवृत्त दंतवैद्य. अंगठ्यावर डाग म्हणजे डुलूथच्या जुळ्यांपैकी धाकटा. तोंडं मात्र त्याने कधी पाहिली नाहीत, आणि त्यावाचून कुणाचंच काही अडलं नाही.

आता 'अर्धवेळ' या शब्दाविषयी. अर्धवेळ याचा अर्थ या धंद्यात असा, की वर्षातला अर्धा वेळ माणूस पत्ते वाटतो आणि उरलेला अर्धा वेळ पुढच्या गावी जाणाऱ्या रस्त्यावर असतो. आज आयोवा, मग ओक्लाहोमा, मग मिसिसिपीच्या काठचं एखादं गाव, परत आयोवा. मधे कधी नेब्रास्कात, कार्नीला, घरी यायला मिळालं तर तेही कामाचाच भाग म्हणून, कारण पांढरे शर्ट धुवायला टाकायचे असतात. तेवढ्या मुक्कामातही शिस्त सुटत नसे. वाटपी टेबलावरून उठताना दोन्ही हात झटकून टाळी वाजवतो, तळवे उलटसुलट करून छतातल्या कॅमेऱ्याला दाखवतो, म्हणजे बाहीत काही लपवलेलं नाही याची खात्री पटते, आणि 'सर्वांना शुभेच्छा' म्हणून निघतो. डेल्मर रात्रीचं जेवण झालं की टाळी वाजवून तळवे छताच्या पंख्याला दाखवी, आर्लिसला शुभेच्छा देई आणि झोपायला जाई. आर्लिस पंख्याकडे पाही. कॅमेरा लावून घ्यावा, असं तिच्या मनात एक-दोनदा येऊन गेलं, म्हणजे निदान कुणीतरी बघेल.

बाहेरगावाहून तो रोज न चुकता फोन करी. यात कुणी खोट काढू शकणार नाही. फोनवर तो त्या दिवशीचे डाव सांगे: कुणाकडे काय होतं, कुठला पत्ता पडला, कोण बाहेर गेलं. आर्लिसने एकदा मधेच सांगितलं, की टूसॉनला राहणारी बहीण तिला कायमचं तिकडे बोलावते आहे. एक स्वतंत्र खोली आहे, दाराशी संत्र्याचं झाड आहे, आणि येत्या रविवारपर्यंत हो-नाही कळवायचं आहे, नाहीतर ती खोली भाड्याने जाईल. डेल्मर म्हणाला, छान छान, आणि मग त्या दंतवैद्याने तीन राण्या हातात असून पत्ते कसे टाकून दिले ते सविस्तर सांगितलं.

आर्लिसला खरं म्हणजे जायचं नव्हतं, हे स्पष्ट सांगायला हवं. तिला तिचं घर हवं होतं आणि त्या घरात हा माणूस हवा होता, लाल चिठ्ठ्यांसकट हवा होता. गेलेलं तिला परत आणायचं होतं. फक्त ते कुठल्या खिडकीवर अर्ज केल्यावर मिळतं, हे तिला ठाऊक नव्हतं. हिवाळाभर ती गावच्या वाचनालयात म्हाताऱ्यांच्या गटात जाऊन, राजम्याचे दाणे लावून, पोकर शिकली होती. त्या शनिवारी तिने गाडी काढली, पूर्वेकडे नदीपर्यंत हाणली आणि आयोवातल्या ब्लू हेरॉन कसिनोत 'ज्येष्ठांची स्पर्धा' असा फलक होता तिथं नाव नोंदवलं. नोंदणीच्या खिडकीवर तिचं वय काटेकोर तपासण्यात आलं. आडनाव कुणी वाचलं नाही, कारण तसा रकाना नव्हता.

ज्येष्ठांची स्पर्धा ही एक अत्यंत सुसंस्कृत गोष्ट आहे. ती सकाळी सुरू होते, म्हणजे सगळ्यांना उजेडात घरी जाता येतं. खेळाडू बसायला आपापल्या उशा घेऊन येतात. बारा वाजता सगळ्या टेबलांवर एकाच वेळी गोळ्यांचे डबे उघडतात, आणि त्या टकटकाटात मिनिटभर एकही पत्ता पडत नाही. एका अनधिकृत पाहणीनुसार इथल्या सत्तर टक्के खेळाडूंना आपले पत्ते दिसत नाहीत, साठ टक्क्यांना पुकारलेलं ऐकू येत नाही, आणि शंभर टक्क्यांना शेजाऱ्याला आपली हकिगत सांगायची असते. जिंकणं ही त्यातली एक किरकोळ गैरसोय आहे. जो जिंकतो त्याला सर्वात शेवटी जेवायला मिळतं.

आर्लिसला पाचवी खुर्ची मिळाली. नऊ खुर्च्यांच्या टेबलावर पाचवी खुर्ची म्हणजे वाटप्याच्या बरोबर नाकासमोरची. जेवणानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासासाठी त्या टेबलावर पांढरा शर्ट, काळा टाय घालून जो वाटपी येऊन बसला, तो डेल्मर होता.

नातेवाईक टेबलावर असेल तर वाटप्याने तत्काळ कळवावं आणि टेबल बदलून घ्यावं, असा कडक नियम आहे. परंतु नातेवाईक दिसला नाही तर काय करावं, याबाबत नियम मौन पाळतो.

डेल्मरने पत्ते पिसले, कापले आणि वाटायला घेतले. पाचव्या खुर्चीतल्या बाईंनी आपल्या दोन पत्त्यांवर एक वजन ठेवलं. ही तिथली पद्धत आहे: पत्त्यांवर काहीतरी ठेवावं लागतं, नाहीतर वाटपी ते टाकलेले समजून उचलतो. कुणी जुनं नाणं ठेवतं, कुणी नातवाने दिलेला दगड. या बाईंनी पितळेचं, सरकारी, दोन औंसांचं वजन ठेवलं होतं. डेल्मरचा ऊर भरून आला. निवृत्त होताना त्याने अगदी असंच एक वजन आर्लिसला दिलं होतं, आणि ते स्वयंपाकघराच्या खिडकीत असायचं. त्याने बाहेरूनच अंदाज घेतला: कडा झिजल्या आहेत, वजन किंचित हलकं भरेल, फेरतपासणी हवी. खात्याने गेल्या वर्षी जुनी वजनं लिलावात काढली होती, तिथून या बाईंनी घेतलं असणार. वजनाची कदर करणारी माणसं अजून आहेत, याचं त्याला समाधान वाटलं.

सहाव्या खुर्चीत गेलॉर्ड टिमरमन नावाचे गृहस्थ होते. त्यांनी आयुष्यभर डुकरं पाळली होती आणि आता मुलाच्या हाती धंदा देऊन ते विधुरपण सांभाळत होते. चौथ्या खुर्चीत ओडेगार्डबाई, या शाळेतल्या निवृत्त परिचारिका. दोघांनाही पाचव्या खुर्चीतल्या बाई आवडल्या होत्या, आणि कारण साधं होतं: त्या बोलण्याआधी ऐकून घेत.

टिमरमननी विचारलं, की तुम्ही एकट्याच आलात का.

"नवरा आहे," आर्लिस म्हणाली. "इथंच आहे."

"मग दिसत नाहीत ते?"

आर्लिसने हनुवटीने समोर खूण केली. टेबलावरच्या आठ माणसांनी त्या हनुवटीची दिशा पाहिली. समोरचा वाटपी त्या वेळी मधल्या चकत्या मोजत होता, त्यामुळे नवव्या माणसाला ती दिसली नाही.

"म्हणजे हे—" ओडेगार्डबाई म्हणाल्या.

"हो," आर्लिस म्हणाली, आणि मग नेहमीच्याच आवाजात, कुजबुज न करता पुढे म्हणाली, "माझं एक ठरलंय. अर्धा तास झाला की हा उठतो. उठायच्या आत त्यानं एकदा मान वर करून मला पाहिलं, तर मी घरी जाईन आणि वाट बघीन, आणखी कितीही बघीन. नाही पाहिलं, तर उद्या बहिणीला हो म्हणून कळवणार."

डेल्मरने हे सर्व नीट ऐकलं. वाटप्याला मत नसतं, पण कान असतात. आवाज ओळखीचा वाटला, पण तो आवाज फोनमधून यायचा असतो, टेबलावरून नव्हे. त्याला वाटलं, बिचाऱ्या बाईंचा नवरा शेजारच्या टेबलावर खेळत असावा, आणि त्याचं इकडे लक्ष नाही. माणसं अशी कशी असतात, याचा विचार करत त्याने एक पत्ता बाजूला टाकला आणि तीन पत्ते उघडे मांडले.

टिमरमन माणूस सरळ. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "अहो वाटपीसाहेब, जरा वर—"

"एका हाताला एकच खेळाडू, सर," डेल्मर टेबलाकडे बघत नम्रपणे म्हणाला.

हा पोकरमधला सर्वात पवित्र नियम आहे. ज्याचे पत्ते त्यानेच खेळायचे. दुसऱ्याने सल्ला द्यायचा नाही, खूण करायची नाही, सुचवायचं नाही. आर्लिसनेही मान हलवून सांगितलं, की तो बरोबर सांगतोय, माझा हात मला खेळू द्या. माणसं सज्जन होती. आयुष्यात त्यांनी इतरांच्या संसारात भरपूर नाक खुपसलं होतं, पण हा पत्त्यांचा नियम होता, तो कुणी मोडला नाही.

मात्र नियमात राहून प्रयत्न करायला कुणाची ना नव्हती. आर्लिसने चकत्यांचा मोठा ढीग पुढे सरकवला, तेव्हा टिमरमननी तो मोजून मागितला. एवढा ढीग मोजायचा म्हणजे वाटप्याला मालकिणीकडे बघावंच लागेल, असा त्यांचा हिशोब. डेल्मर पुढे वाकला. त्याने तो ढीग पाच-पाचच्या चळतींत मांडला, आर्लिसच्या बोटांपासून वीतभर अंतरावर त्याचे हात फिरले, आणि त्याने रक्कम पुकारली. ती अचूक होती. टिमरमननी आपले पत्ते टाकून दिले. (त्यांच्याकडे दोन राजे होते. ते पुढे कितीतरी दिवस सांगत, की दोन राजांचा त्याहून वाईट उपयोग त्यांनी कधी केला नाही.)

मग ओडेगार्डबाईंनी चष्मा पुसत तक्रार केली, की दिवे अंधुक आहेत, वाटप्याने जरा पाहावं. आठही माणसांनी श्वास रोखला. डेल्मरने मान वर केली. त्याची नजर आर्लिसच्या बोटांवरून निघाली, तिच्या डोक्यावरून गेली, छताला पोचली, तिथल्या दिव्यांची रांग तपासून त्याच वाटेने परत आली. उजेड प्रमाणात आहे, असं त्याने सांगितलं आणि पुढचा डाव वाटला.

आर्लिसने या वेळी आपले पत्ते बघितलेसुद्धा नाहीत. ती हसली, आणि मग हसता हसता तिला नॅपकिन डोळ्यांना लावावा लागला. टिमरमननी तिच्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला. पेय टेबलाच्या कडेवर ठेवू नये, अशी सूचना डेल्मरने त्यांना दिली.

राहिलेला वेळ आर्लिसने शेजाऱ्यांना आपल्या नवऱ्याविषयी सांगण्यात घालवला. तक्रार म्हणून नाही. सांगितलं नसतं तर तिला रडू आवरलं नसतं. तो माझ्या आईच्या कपावर चिठ्ठी लावणारा माणूस आहे, ती म्हणाली. पण मी न्यूमोनियाने पडले होते तेव्हा तो महिनाभर रजा घेऊन माझ्या उशाशी बसला होता, दर तासाला ताप मोजायचा, आणि मला वाटायचं, की जगात एवढं नीट माझ्याकडे कुणी कधी पाहिलं नसेल. आता पाहत नाही. मी वाईट दिसायला लागले असते तर समजलं असतं. पण वाईट दिसायलाही आधी कुणीतरी बघावं लागतं.

डेल्मरचा हात क्षणभर थांबला. चिठ्ठीची गोष्ट त्याला ओळखीची वाटली. तर्क केल्यावर उलगडा झाला: हा नवरासुद्धा वजनमापे खात्यातलाच असणार. लिलावातलं वजन, चिठ्ठी, सगळं जुळत होतं. बहुधा लिंकन विभागातला. तिकडचे लोक घरी फार कडक असतात, असं त्याने ऐकलं होतं. आपल्या खात्यातल्या माणसाने घरी असं वागावं याची त्याला मनापासून लाज वाटली. त्याने शिस्त मोडून, कुणाला कळेल न कळेल इतकी मान हलवली. आठ माणसांना ती हलताना दिसली. पण ती आडवी हलली होती.

मागून त्याच्या खांद्यावर बोटं टेकली. पुढची वाटपी बाई येऊन उभी होती. डेल्मरने चालू डाव संपवला, टाळी वाजवली, तळवे उलटसुलट करून छताला दाखवले.

"सर्वांना शुभेच्छा," तो म्हणाला, आणि उठून गेला. त्याच्या शुभेच्छांना त्या टेबलावरून कुणीही उत्तर दिलं नाही. ज्येष्ठ मंडळींना ऐकू कमी येतं, हे लक्षात घेऊन त्याने ते मनाला लावून घेतलं नाही.

पुढच्याच डावात आर्लिसने हातातल्या सगळ्या चकत्या कसल्याशा भिकार पत्त्यांवर लावल्या आणि हरली; टिमरमन नाइलाजाने जिंकले. ती सगळ्यांना नमस्कार करून उठली. ओडेगार्डबाईंनी तिला मिठी मारली. टिमरमननी सभ्यपणे विचारलं, की घरी जाण्याआधी भाजलेलं मांस आणि बटाटे खायला आवडतील का, इथलं बरं असतं. तिनेही तितक्याच सभ्यपणे नको म्हटलं. मग ती गाडीत जाऊन बसली. किल्ली फिरवायचं तिला जमेना. अजून मनात कुठेतरी वाटत होतं, की एवढ्या मोठ्या गोष्टीचा निकाल पत्त्यांवर लावणं बरं नव्हे.

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. वाटप्यांच्या विश्रांतीच्या खोलीत डेल्मर वाडगाभर चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा रस्सा, आणि दालचिनीचा रोल घेऊन बसला होता.

"आर्लिस, आज काय झालं सांगू?" तो म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने पत्त्यांविषयी नव्हे, तर एका माणसाविषयी सांगितलं. पाचव्या खुर्चीतल्या बाई. त्यांची अट. त्यांचा नवरा. तो सांगताना खरंच कळवळला होता. आर्लिसने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"दिसायला कशी होती रे ती?"

डेल्मरने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "चकत्या फार नीट रचलेल्या होत्या. मोठ्या पुढं, लहान मागं."

"आणि नवरा?"

"तो काही मला दिसला नाही."

मग आर्लिसने विचारलं, "डेल, तुला काय वाटतं? तिनं काय करावं?"

वाटप्याला मत नसतं. पण ही विश्रांतीची वेळ होती, आणि फोनवर घरचंच माणूस होतं. डेल्मरने चमचा खाली ठेवला. त्याने दोन्ही बाजूंचा विचार केला. निरीक्षक असताना त्याने कधीही घाईने निकाल दिला नव्हता.

"बहिणीकडं जावं," तो म्हणाला. "असली माणसं सुधारत नाहीत, आर्लिस. मी पाहिलीत. बायको समोर बसलीय आणि याला पत्ता नाही. तिनं अजून वाट कशाला बघायची?"

"नक्की?"

"नक्की. माझी बहीण असती तरी मी हेच सांगितलं असतं."

"बरं," आर्लिस म्हणाली. "तू म्हणतोस तसं."

इतक्या वर्षांच्या संसारात आपलं म्हणणं तिने एवढ्या सहज कधी ऐकलं नव्हतं, असं डेल्मरला वाटलं, आणि त्याला फार बरं वाटलं. त्याने उरलेला रोल खाल्ला आणि तो ताजातवाना होऊन पुढच्या टेबलावर गेला.

पुढच्या आठवड्यात आर्लिसचा फोन कुणी उचलेना, तेव्हा त्याने काळजीने टूसॉनला मेव्हणीकडे फोन लावला. तो आर्लिसनेच उचलला. तू तिथं काय करतेस, असं त्याने विचारलं. तिने आवाज न चढवता सांगितलं, की तूच जा म्हणालास. मग तिने त्याला त्या शनिवारचा, पाचव्या खुर्चीचा, समोर ठेवलेल्या वजनाचा हिशोब सांगितला. ती रागावली नव्हती. रागावली असती तर परत येण्याची आशा होती.

डेल्मर हॉटेलच्या पलंगावर बसून राहिला. त्या संध्याकाळी त्याने हात जोडून, डोळे मिटून, बायकोचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. न्यूमोनियाच्या वेळचा आठवला. त्यानंतरचा एकही आठवेना. हात आठवत होते, चकत्या आठवत होत्या, पितळेच्या वजनाची झिजलेली कड आठवत होती. तपासणीत पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या बाजूने काही लिहिता येईना. फिरत्या स्पर्धेच्या व्यवस्थापनाने त्याच्या दुःखाची दखल घेतली. आता घरी जाण्याची अडचण उरली नसल्यामुळे त्याला अर्धवेळ ऐवजी पूर्णवेळ करण्यात आलं.

हे सर्व वाचून वाचकांना डेल्मरची कीव आली असेल, हसूही आलं असेल, आणि ते योग्यच आहे. असा माणूस विरळा. फक्त एक बारीकशी गोष्ट. मघाशी, तुम्ही हे वाचत असताना, घरातलं कुणीतरी दाराशी येऊन तुम्हाला काहीतरी विचारून गेलं, आणि तुम्ही पानातून डोळे न काढता 'हं' म्हणालात. कशाला होकार दिलात, ते त्या माणसाने सामान बांधायला घेण्यापूर्वी एकदा विचारून घ्या.